बेरजेत लपलेला त्रिकोण : क्वांटम कोनीय संवेगातल्या सममितींची ओळख

कल्याण जंक्शनात तीन दिशांचे रूळ मिळतात. एक ठाकुर्लीकडून, म्हणजे मुंबईच्या बाजूने. दुसरा शहाडकडून, म्हणजे कसाऱ्याच्या बाजूने. तिसरा विठ्ठलवाडीकडून, म्हणजे कर्जतच्या बाजूने. समजा, ठरावीक वेळात ठाकुर्लीच्या बाजूला पाच गाड्या मोजल्या, शहाडच्या बाजूला चार आणि विठ्ठलवाडीच्या बाजूला तीन. कल्याणात एकही गाडी सुटत नाही, संपत नाही आणि आल्या दिशेला परतत नाही, एवढी अट घातली, तर कोणत्या मार्गावर किती गाड्या धावल्या हे जंक्शनात पाऊल न टाकताही सांगता येतं. ठाकुर्ली ते शहाड तीन, ठाकुर्ली ते विठ्ठलवाडी दोन, शहाड ते विठ्ठलवाडी एक. दुसरं उत्तर संभवतच नाही.

आता विठ्ठलवाडीच्या बाजूचा आकडा तीनऐवजी अकरा करून बघावा. ठाकुर्लीचे पाच आणि शहाडचे चार मिळून नऊच होतात, त्यामुळे अकरातल्या दोन गाड्यांना दुसरं टोक सापडत नाही. तो आकडा चार केला तरी गाडं अडतं: पाच, चार आणि चार मिळून तेरा होतात, आणि प्रत्येक गाडी दोन बाजूंना मोजली जात असल्यामुळे बेरीज विषम येऊच शकत नाही. म्हणजे दोनच अटी. तिन्हीपैकी कुठलाही आकडा बाकी दोघांच्या बेरजेपेक्षा मोठा नको, आणि तिघांची बेरीज सम हवी. पहिली अट शाळेत भूमितीच्या तासाला सगळ्यांनी शिकलेली आहे. तीन काड्यांचा त्रिकोण व्हायला तीच लागते.

क्वांटम भौतिकीत दोन कोनीय संवेगांची बेरीज करण्याचे नियम नेमके हेच आहेत. गाड्यांच्या जागी स्पिनची अर्धी अर्धी एककं ठेवायची, म्हणजे पाच, चार आणि तीन यांचे ५/२, २ आणि ३/२ असे तीन स्पिन होतात, आणि वरच्या दोन अटी जशाच्या तशा लागू पडतात. मोजणीचा एक साधा हिशेब, त्रिकोणाची अट आणि अणूच्या आतला निसर्गनियम या तीन गोष्टी एका जागी का येतात, या प्रश्नाभोवती पुढची सगळी पानं फिरतात.

अणूच्या जगात फिरण्याची मात्रा हवी तेवढी घेता येत नाही. प्लांकच्या स्थिरांकातून आलेल्या एककात मोजलं तर ती ०, १/२, १, ३/२, २ अशा ठरावीक मापांतच मिळते. १९२२ मध्ये फ्रँकफर्टमध्ये ऑटो स्टर्न आणि वॉल्टर गेर्लाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत चुंबकीय क्षेत्रातून सोडला. क्षेत्र मुद्दाम असं घेतलं होतं की ते एका बाजूला तीव्र आणि दुसऱ्या बाजूला क्षीण होतं. जुन्या भौतिकीप्रमाणे काचेच्या पट्टीवर एक सलग डाग पसरायला हवा होता. प्रत्यक्षात झोत दुभंगला आणि मधली जागा रिकामी राहिली. १/२ स्पिनला कोणत्याही दिशेने मोजलं तरी दोनच अवस्था असतात, वर आणि खाली. स्पिन १ ला तीन, ३/२ ला चार. स्पिनची दुप्पट करून त्यात एक मिळवला की अवस्थांची संख्या येते. निवडलेल्या दिशेवर स्पिनचा जेवढा भाग पडतो त्याला प्रक्षेप म्हणतात, आणि प्रक्षेपही ठरावीक पायऱ्यांनीच चढतो-उतरतो.

दोन स्पिन एकत्र आले की काय होतं, याचं सगळ्यात जवळचं उदाहरण पुणे जिल्ह्यात आहे. नारायणगावजवळ खोडद इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपतात. खगोलशास्त्रज्ञांना त्यांतल्या ज्या लहरींचं फार मोल वाटतं, त्यांत हायड्रोजनची २१ सेंटिमीटर लांबीची लहर अग्रभागी आहे. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन; दोघांचेही स्पिन १/२. दोघांच्या मिळून २ गुणिले २, म्हणजे चार अवस्था होतात. त्या चारांची विभागणी एकूण स्पिन १ च्या तीन आणि एकूण स्पिन ० ची एक अशी होते. या दोन गटांच्या ऊर्जेत किंचित फरक असतो. वरच्या गटातून अणू खालच्या गटात उतरला की १४२० मेगाहर्ट्झची लहर बाहेर पडते. दूरच्या दीर्घिकेतून निघालेली तीच लहर विश्वाच्या प्रसरणाने ताणून लांब होते आणि त्या ताणलेल्या रूपात खोडदपर्यंत पोहोचते.

या विभागणीत एक बारकावा आहे. इलेक्ट्रॉन ‘वर’ आणि प्रोटॉन ‘खाली’ अशी अवस्था घेतली, तर तिचा एकूण स्पिन १ आहे की ०, हे आधी ठरलेलं नसतं. मोजायला गेलं तर १ मिळण्याची शक्यता निम्मी आणि ० मिळण्याचीही निम्मी. अशा शक्यता ज्या संख्यांच्या वर्गांतून मिळतात, त्यांना क्लेब्श-गॉर्डन सहगुणक म्हणतात. आल्फ्रेड क्लेब्श आणि पॉल गॉर्डन हे एकोणिसाव्या शतकातले जर्मन गणिती. स्पिनची कल्पना त्यांच्या काळात कुणाच्या स्वप्नातही नव्हती. बीजगणितातल्या बहुपदींवर काम करताना त्यांना सापडलेली रचना पुढे भौतिकीला जशीच्या तशी उपयोगी पडली.

आज हे सहगुणक एमएस्सीच्या वर्गात भेटतात. विठ्ठलवाडी, शहाड, अंबरनाथ इथून लोकल पकडून कॉलेजला जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वहीत त्यांचे तक्ते असतात: बारीक टायपात छापलेले वर्गमुळांचे चौकोन, कोपऱ्यात अधिक-उणे चिन्हांचा इशारा. परीक्षेत तक्ता बघून आकडा काढता आला की काम भागतं. त्या आकड्यांमध्ये किती सौंदर्य दडलं आहे, हे सांगायला मात्र वेळापत्रकात जागा उरत नाही, आणि मराठीत त्याविषयी निवांतपणे वाचायला मिळणं त्याहून दुर्मीळ. ही उणीव भरून काढावी, या तळमळीतून पुढचं लेखन झालं आहे. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: एकच संख्या वेगवेगळ्या प्रकारे मांडली, की दर मांडणीत तिची नवी सममिती उघड होते.

सममिती म्हणजे काय, तर काहीतरी बदल केला आणि तरीही मूळ गोष्ट तशीच राहिली. क्लेब्श-गॉर्डन सहगुणकांत दोन स्पिन मिळवायचे असतात आणि तिसरा उत्तर म्हणून येतो, त्यामुळे तिघांना सारखी वागणूक मिळत नाही. युजीन विग्नर यांनी ही विषमता काढून टाकली. उत्तराच्या स्पिनच्या अवस्थांची संख्या घेऊन शक्यतेला तिने भागलं आणि उत्तराच्या प्रक्षेपाचं चिन्ह उलटं लिहिलं, की तिन्ही स्पिन एका पंगतीत येतात. ही भागलेली शक्यता ज्या संख्येचा वर्ग असते, तिला थ्री-जे चिन्ह म्हणतात. आता तीन स्पिनांची जागा कशीही बदलावी, किंमत तीच राहते. फार तर चिन्ह बदलतं. जागा बदलण्याचे प्रकार सहा, आणि तिन्ही प्रक्षेप एकदम उलटे करण्याची मुभा, म्हणून एकूण बारा सममिती. कित्येक वर्षं सगळ्यांची समजूत होती की यादी इथे संपली.

१९५८ मध्ये तुल्लिओ रेज्जे या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्याने थ्री-जे चिन्हातल्या सहा संख्या तीन ओळी आणि तीन स्तंभांच्या चौरसात लिहून दाखवल्या. प्रत्येक स्पिनला एक स्तंभ. वरच्या ओळीत बाकीच्या दोन स्पिनांची बेरीज घेऊन त्यातून तो स्पिन वजा करायचा. दुसऱ्या ओळीत स्पिनमधून त्याचा प्रक्षेप वजा, तिसऱ्या ओळीत स्पिनमध्ये प्रक्षेप मिळवलेला. असा चौरस मांडला की त्यात फक्त पूर्णांक येतात आणि कोणतीही ओळ किंवा स्तंभ घेतला तरी बेरीज एकच येते.

एक उदाहरण हाताने करून बघण्यासारखं आहे. दोन वेगळे कण, दोघांचाही स्पिन १, दोघांचाही प्रक्षेप ०. त्यांचा एकूण स्पिन २ येण्याची शक्यता २/३ आहे. एकूण स्पिन २ ला पाच अवस्था असतात, म्हणून विग्नरच्या पद्धतीने २/३ ला ५ ने भागायचं, येतात २/१५. २, १, १ हे तीन स्पिन आणि तिघांचेही प्रक्षेप शून्य घेऊन रेज्जेचा चौरस असा दिसतो:

०  २  २
२  १  १
२  १  १

प्रत्येक ओळीची आणि स्तंभाची बेरीज ४. जुन्या बारा सममितींमध्ये स्तंभ हवे तसे हलवता येत होते आणि खालच्या दोन ओळींची अदलाबदल चालत होती. वरची ओळ मात्र कधी हलली नव्हती. रेज्जेने ती हलवली. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीची अदलाबदल केली की होतं असं:

२  १  १
०  २  २
२  १  १

हा चौरस पुन्हा स्पिनच्या भाषेत वाचायचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या बेरजेचं अर्ध म्हणजे स्पिन, त्यांच्या फरकाचं अर्ध म्हणजे प्रक्षेप. पहिल्या स्तंभात स्पिन १ आणि प्रक्षेप १ निघतो. बाकी दोन स्तंभांत स्पिन ३/२ आणि प्रक्षेप उणे १/२. म्हणजे प्रसंगच पालटला. आता ३/२ स्पिनचे दोन कण आहेत आणि त्यांचा एकूण स्पिन १ येण्याची शक्यता विचारली आहे. तक्त्यात बघितलं तर ती २/५ आहे. स्पिन १ ला तीन अवस्था, म्हणून ३ ने भागायचं. पुन्हा २/१५.

पूर्ण स्पिनांचा एक प्रसंग आणि अर्ध्या स्पिनांचा दुसरा, दोघांमध्ये वरकरणी काहीही नातं नाही, आणि तरी आकडा तोच. तीन ओळी हलवण्याचे सहा प्रकार, तीन स्तंभ हलवण्याचे सहा, आणि ओळींचे स्तंभ करण्याची मुभा, अशा एकूण ७२ सममिती रेज्जेच्या चौरसाने हाती दिल्या. बाराच्या बहात्तर झाल्या आणि त्यासाठी नवा प्रयोग, नवा सिद्धान्त काहीच लागलं नाही. लागली ती फक्त नवी मांडणी.

असे चौरस मोजण्याचं गणित स्पिनच्या जन्माआधीचं आहे. बेरीज १ असेल तर असे ६ चौरस होतात, बेरीज २ असेल तर २१, बेरीज ३ असेल तर ५५. तरुणपणी ब्रिटिश सैन्यातून हिंदुस्थानात नोकरी केलेले पर्सी मॅकमहॉन यांनी मोजणीच्या गणितावरच्या आपल्या ग्रंथात हा हिशेब सूत्रात बांधला. त्या ग्रंथाचे दोन खंड १९१५ आणि १९१६ मध्ये निघाले. तीनऐवजी कितीही ओळींचा चौरस घेतला तर उत्तराचं रूप कसं असेल, याविषयी हर्ष आनंद, व्ही. सी. दुमीर आणि हंसराज गुप्ता या भारतीय गणितींनी १९६६ मध्ये एक अनुमान मांडलं. रिचर्ड स्टॅनली यांनी १९७३ मध्ये ते सिद्ध केलं. चेन्नईच्या मॅटसायन्स संस्थेत के. श्रीनिवास राव आणि व्ही. राजेश्वरी यांनी रेज्जेच्या ७२ सममितींचं जुन्या श्रेणीगणिताशी असलेलं नातं उलगडलं आणि १९९३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

समान बेरजेच्या चौरसांचा नाद आपल्याकडे फार जुना. नारायण पंडितांच्या १३५६ सालच्या ‘गणितकौमुदी’त भद्रगणित नावाचं स्वतंत्र प्रकरणच आहे. जादूच्या चौरसात कर्णांचीही बेरीज जुळावी लागते आणि आकडे पुन्हा येऊन चालत नाहीत. रेज्जेच्या चौरसाला ही दोन्ही बंधनं नाहीत. तरी वृत्ती एकच. आकडे एका शिस्तीत बसवायचे आणि त्या शिस्तीतून काय निघतं ते बघायचं.

ही वृत्ती ठाणे-कल्याणच्या रेल्वेमार्गाला परकी नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूचा, शाळा ठाण्याची, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. पुढे १९३० ते १९६२ त्यांनी देवळालीत शिक्षकी केली. सगळे अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करत राहिलं की शेवटी ६१७४ येते, हा त्यांचा शोध जगभर गेला. त्यांनी एका संख्यागटाला ‘डेम्लो’ असं नाव दिलं होतं. तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवरच्या ज्या स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली, ते डोंबिवली. १११ ला १११ ने गुणलं की १२३२१ येतात, ११११ ला ११११ ने गुणलं की १२३४३२१. डावीकडून वाचावं की उजवीकडून, आकडा तोच. कापरेकरांचा स्पिनशी कधी संबंध आला नाही. पण पदव्युत्तर शिक्षण आणि उपकरणं नसताना, फक्त मांडणीकडे टक लावून सममिती शोधता येते, याचा दाखला म्हणून त्यांचं नाव या विषयाच्या दारावर असायलाच हवं.

चौरसानंतर भूमितीकडे वळायचं. तीन कणांचे स्पिन मिळवायचे असतील तर दोन वाटा असतात. आधी पहिला आणि दुसरा मिळवून त्यात तिसरा घालावा, किंवा आधी दुसरा आणि तिसरा मिळवून त्यात पहिला घालावा. साध्या बेरजेत कंस कुठेही टाकला तरी फरक पडत नाही. क्वांटम बेरजेत पडतो, आणि तो किती हे सांगणाऱ्या संख्येत सहा स्पिन येतात: तीन मूळचे, एक एकूण आणि दोन वाटांवरचे दोन मधले. तिला सिक्स-जे चिन्ह म्हणतात. तिचं मूळ रूप १९४२ मध्ये जूलिओ राका यांनी शोधलं. राका मूळचे फ्लॉरेन्सचे. इटलीतल्या वंशभेदी कायद्यांमुळे ते जेरुसलेमला गेले होते. गुंतागुंतीच्या अणूंच्या वर्णपटातल्या रेषांची संगती लावणं हे त्यांचं काम. पुढे अणुकेंद्राच्या अभ्यासातही हीच संख्या कामी आली. सुधीर पंड्या यांनी १९५६ मध्ये तिच्या आधारे क्लोरिन-३८ आणि पोटॅशियम-४० या दोन वेगळ्या अणुकेंद्रांच्या ऊर्जापातळ्यांमधलं नातं दाखवून दिलं.

सहा स्पिनांमध्ये मिळून चार ठिकाणी बेरीज होते, म्हणून त्रिकोणाची अट चार वेळा लागते. प्रत्येक स्पिन बरोबर दोन अटींमध्ये येतो. सहा कडा, चार त्रिकोणी पृष्ठं आणि प्रत्येक कड दोन पृष्ठांना सामाईक, असा घनाकार एकच: चतुष्फलक. सिक्स-जे चिन्ह कागदावर दोन ओळींत लिहिलं जातं. त्याचं खरं रूप मात्र हा चार तोंडांचा घन आहे. चतुष्फलकाचे चार शिरोबिंदू २४ प्रकारे बदलता येतात, तेवढ्याच सिक्स-जेच्या ओळखीच्या सममिती. १९५९ मध्ये रेज्जेने इथेही यादी सहापट करून १४४ वर नेली.

या नव्या सममितीचा अर्थ बघितला की कुणीही थबकेल. चतुष्फलकाच्या समोरासमोरच्या दोन कडा तशाच ठेवायच्या. उरलेल्या चार कडांच्या बेरजेचं अर्ध काढायचं आणि त्यातून प्रत्येक कड वजा करायची. समजा, न बदलणाऱ्या दोन कडा ६ आणि ६ आहेत, आणि बाकीच्या चार क्रमाने ५, ५, ६, ८. बेरीज २४, अर्ध १२. नव्या कडा ७, ७, ६, ४. दोन्ही आकृत्या कार्डबोर्डच्या करून शेजारी ठेवल्या तर कुणालाही त्या वेगळ्याच दिसतील. एकीची सर्वांत लांब कड ८, दुसरीची ७. घनफळ काढलं तर दोघींचं सारखंच, सुमारे २१.४ घन एकक. हे साम्य एवढ्यावर थांबत नाही. जस्टिन रॉबर्ट्स यांनी १९९९ मध्ये दाखवलं की असा एक चतुष्फलक सपाट कापांनी तुकडे करून, तेच तुकडे पुन्हा जुळवून दुसरा उभा करता येतो, आणि सर्वसाधारण चतुष्फलकापासून अशी बारा भावंडांची टोळी तयार होते. अणूच्या वर्णपटासाठी शोधलेल्या एका संख्येतून युक्लिडच्या भूमितीबद्दलचं एक नवं सत्य हाती आलं.

रेज्जे आणि जोर्जिओ पोंझानो यांनी १९६८ मध्ये, राकांच्या स्मृतिग्रंथात, आणखी एक गोष्ट मांडली. स्पिन मोठे होत गेले की सिक्स-जेची किंमत एखाद्या लाटेसारखी वरखाली होते. लाटेची उंची चतुष्फलकाच्या घनफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, आणि लाट कुठल्या टप्प्यावर आहे हे त्याच्या कडा आणि पृष्ठांमधले कोन ठरवतात. कडा आणि कोनांची ती बेरीज रेज्जेच्या ओळखीची होती. १९६१ मध्ये त्यानेच आइन्स्टाइनचा व्यापक सापेक्षतावाद चतुष्फलकांसारख्या तुकड्यांत मांडताना नेमकी तशीच बेरीज लिहिली होती. १९५३ साली बीडनहार्न आणि एलियट यांनी स्वतंत्रपणे शोधलेलं एक जुनं समीकरणही या उजेडात वेगळं दिसू लागलं. एका पृष्ठाला चिकटलेले दोन चतुष्फलक घ्या. तीच जागा एका सामाईक कडेभोवतीच्या तीन चतुष्फलकांनी भरता येते. समीकरणाच्या एका बाजूला दोन सिक्स-जे आहेत आणि दुसऱ्या बाजूला तीन.

मग कुणाच्याही मनात पुढचा प्रश्न येणारच. स्पिन आधी आणि अवकाश नंतर, असं असेल का? रॉजर पेनरोज यांनी तो उघड विचारला. १९७१ मध्ये छापलेल्या निबंधात त्यांनी कडांवर फक्त स्पिनचे आकडे आणि दर गाठीत तीन कडा, अशी जाळी घेतली. आधी अवकाश गृहीत धरायचं नाही. आकड्यांच्या संगतीतून दिशा आणि कोन उपजू द्यायचे. या जाळ्यांच्या प्रत्येक गाठीत जंक्शनवरच्या गाड्यांचाच हिशेब चालतो.

इथून पुढची वाट खानदेशातून जाते. अभय अष्टेकर यांचा जन्म १९४९ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचा. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकून ते अमेरिकेला गेले आणि १९७४ मध्ये शिकागो विद्यापीठातून डॉक्टरेट झाले. १९८६ मध्ये त्यांनी व्यापक सापेक्षतावादाची समीकरणं नव्या चलांमध्ये लिहिली. सिद्धान्त आइन्स्टाइनचाच, मांडणी अष्टेकरांची. त्या मांडणीत गुरुत्वाकर्षण, अणूतल्या इतर बलांच्या सिद्धान्तांसारखं दिसू लागलं, आणि त्या सिद्धान्तांसाठी घडवलेली क्वांटम हत्यारं गुरुत्वाकर्षणावर चालवता येऊ लागली. जगभरचे भौतिकशास्त्रज्ञ आज त्या चलांना अष्टेकरांच्या नावाने ओळखतात. १९९५ मध्ये कार्लो रोव्हेली आणि ली स्मोलिन यांनी दाखवलं की या वाटेने गेलं की अवकाशाच्या क्वांटम अवस्था म्हणून पेनरोजची स्पिन-जाळीच समोर येतात. अष्टेकर आणि येझी लेवांडोव्स्की यांनी १९९७ मध्ये क्षेत्रफळाचं गणित काटेकोर पायावर उभं केलं.

त्या गणिताचा निष्कर्ष असा. एखाद्या पृष्ठभागाला जाळ्याची एक कड छेदून गेली, तर तिच्या स्पिनला ‘स्पिन अधिक एक’ने गुणून त्याचं वर्गमूळ घ्यायचं, त्या प्रमाणात त्या पृष्ठभागाला क्षेत्रफळ मिळतं. १/२ स्पिनच्या कडेला ३/४ चं वर्गमूळ, स्पिन १ ला २ चं. क्षेत्रफळ हवं तेवढं लहान करता येत नाही. त्यालाही पायऱ्या आहेत. त्या पायऱ्या प्लांकच्या क्षेत्रफळाच्या मापाच्या, आणि एका चौरस सेंटिमीटरमध्ये अशी मापं १० च्या ६५ व्या घाताहून अधिक बसतात. चार कडा एकत्र येणारी गाठ म्हणजे क्वांटम चतुष्फलक, अवकाशाच्या घनफळाचा एक कण. हा सिद्धान्त अजून प्रयोगाच्या कसोटीला उतरलेला नाही, आणि क्वांटम गुरुत्वाकर्षणाकडे जाणाऱ्या इतर वाटाही आहेत. वाचकाने ही गोष्ट मनाशी पक्की ठेवावी. स्पिनची बेरीज, थ्री-जेचा चौरस आणि सिक्स-जेचा चतुष्फलक यांचं गणित मात्र या सिद्धान्ताच्या यशापयशावर अवलंबून नाही. ते सिद्ध झालेलं आहे आणि रोज वापरात आहे. पवईच्या आयआयटीत पी. रामादेवी यांनी याच सहगुणकांची क्वांटम भावंडं वापरून दोऱ्याच्या गाठींचं वर्गीकरण करण्यावर दीर्घ काम केलं आहे, आणि तिथे गुरुत्वाकर्षणाचा विषयही निघत नाही.

या विषयात शिरायला काय लागतं? अपूर्णांक, वर्गमूळ, त्रिकोणाची अट आणि चिकाटी. बारावीच्या गणिताएवढी तयारी असली तर पहिला अर्धा भाग सुखाने वाचून होईल. चतुष्फलकांच्या प्रकरणापाशी गती मंदावेल. तिथे कागद कापून आकृत्या करून बघणं हाच उत्तम उपाय, कारण घनाकृतींची कल्पना नुसती डोळे मिटून करणं अवघड असतं. एमएस्सीच्या विद्यार्थ्याने मात्र उलट्या दिशेने यावं. आधी आपला तक्ता उघडावा, त्यातला कोणताही सहगुणक उचलावा, चौरसात लिहावा, ओळी हलवाव्यात आणि दुसरीकडे त्याचं जुळं भावंड शोधून काढावं.

सगळ्यांसाठी पहिला सराव असा. बेरीज २ असलेले, तीन ओळींचे आणि तीन स्तंभांचे, शून्य किंवा त्याहून मोठ्या पूर्णांकांचे सगळे चौरस लिहून काढावेत. ते २१ भरतील. कमी भरले तर काही राहून गेले आहेत. मग ओळी हलवून, स्तंभ हलवून, ओळींचे स्तंभ करून एकमेकांत रूपांतर होणारे चौरस एका गटात टाकावेत. तीन गट पडतील: सहाचा, नवाचा आणि पुन्हा सहाचा. पहिल्या गटात प्रत्येक ओळीत एक २ आणि दोन शून्यं. दुसऱ्यात एका ओळीत २ आणि उरलेल्या दोन ओळींत प्रत्येकी दोन १. तिसऱ्यात प्रत्येक ओळीत आणि स्तंभात एकच शून्य, बाकी सगळे १. एकवीस थ्री-जे काढायची गरज नाही, तीनच पुरतात, आणि त्यांचे वर्ग अनुक्रमे १/३, १/३ आणि १/६ येतात. त्यातला १/६ घेऊन ३ ने गुणावा, कारण एकूण स्पिन १ ला तीन अवस्था असतात. येणारा १/२ म्हणजे इलेक्ट्रॉन ‘वर’ आणि प्रोटॉन ‘खाली’ असलेल्या हायड्रोजनच्या अणूत एकूण स्पिन १ सापडण्याची शक्यता. ज्याला हा आकडा स्वतःच्या हाताने मिळाला, त्याने बेरीज ३ च्या पंचावन्न चौरसांना लागावं.